अक्षर लागलं पाहिजे

भाचा यंदा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गणपतीत कोल्हापूरला गेले तेव्हा रात्रीची जेवणं उरकल्यावर तो वही घेऊन समोर बसला. वहीत यादी होती. पायथन, एडब्ल्यूएस, डॉकर, मशीन लर्निंग, आणि सगळ्यात खाली लाल शाईनं ‘प्रॉम्प्ट इंजिनिअरिंग’, म्हणजे एआयला नेमकं सांगून काम करून घेणं, पुढे दोन प्रश्नचिन्हं.

"मावशी, यातलं नेमकं काय करू तेवढं सांग. सगळं करायला वेळ नाही."

मी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. पंचवीस वर्षं ज्या भाषेनं मला जेवायला घातलं, तिचं नाव त्यात नव्हतं. तसं सांगितल्यावर तो म्हणाला, "कोबोल? ते अजून असतंय?"

असतंय. १९५९ साली अमेरिकेत एका समितीनं ही प्रोग्रॅमिंगची भाषा बेतली. हिशेबाचं काम करणाऱ्यालाही वाचता यावी म्हणून तिची वाक्यं जवळजवळ इंग्रजीतच ठेवली. बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती, जिथे कोट्यवधी लोकांचा पैसा रोज इकडून तिकडे होतो तिथे ती घुसली आणि बसली. मी काही ती निवडली नव्हती. १९९८ साली सांगलीहून पदवी घेऊन पुण्यात आले तेव्हा सी++ शिकले होते आणि डोक्यात जावा होतं. कंपनीनं सहा आठवडे कोबोल शिकवलं आणि अमेरिकेतल्या ग्राहकांच्या प्रोग्रॅममधल्या दोन हजार सालच्या दुरुस्तीवर बसवलं. त्या वर्षांत पुण्यात, मुंबईत, चेन्नईत माझ्यासारखी कितीतरी पोरं हेच करत होती.

काम काय, तर जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे दोनच आकडे ठेवलेले. भोकं पाडून माहिती ठेवायच्या एका पंचकार्डावर ऐंशी खाने, साठवणूक महाग, त्यामुळे ‘१९’ लिहायची चैन कुणाला परवडणार? ९९ नंतर ०० आलं की यंत्र ते १९०० समजणार. तारीख कुठे कुठे वापरली आहे ते शोधायचं आणि दुरुस्त करायचं. सगळीकडे चार आकडे करणं खर्चाचं, म्हणून बऱ्याच ठिकाणी पळवाट काढली: पन्नासच्या आतला आकडा आला तर दोन हजारातला धर, नाहीतर एकोणीसशेतला. म्हणजे दुखणं बरं केलं नाही, पन्नास वर्षं पुढे ढकललं. तेव्हा मी कुठे असेन, असा विचार त्या वयात शिवतही नाही.

पहिल्या दिवशी टेबलावर एका प्रोग्रॅमची छापील प्रत पडली. कडेला भोकं असलेला लांबलचक कागद, घड्या घातलेला. लिहिणाऱ्याची फक्त आद्याक्षरं आणि १९७८. मी दोन वर्षांची असताना, मी कधी न पाहिलेल्या गावात, कुणीतरी हे लिहिलं होतं. आमची टीम लीड नागपूरची होती. ती म्हणाली, "लिहायचं काही नाही. वाच. चार दिवसांनी मला सांग हे काय करतं."

कॉलेजात चार वर्षं आम्ही प्रोग्रॅम लिहीत होतो. दुसऱ्यानं लिहिलेला शंभर ओळींचा प्रोग्रॅमही कुणी आमच्यापुढे वाचायला ठेवला नव्हता. अजूनही फारसं कुणी ठेवत नाही.

मराठीत ‘अक्षर लागणं’ असा एक छान प्रयोग आहे. डॉक्टरचं अक्षर लागत नाही. जुन्या पत्रातलं अक्षर लागता लागत नाही, मग एक शब्द लागतो आणि पाठोपाठ सगळी ओळ उलगडते. माझी पंचवीस वर्षांची नोकरी एका ओळीत सांगायची तर हीच. दुसऱ्याचं अक्षर लावत बसले.

हे घरातलंच असावं. आजोबा गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते आणि त्यांच्यानंतर वडील, आमचे अण्णा, त्याच गादीवर बसले. कीर्द, खतावणी, रोजमेळ हे हिशेबाच्या वह्यांचे शब्द मी बाराखडीबरोबर ऐकले. मेळ बसल्याशिवाय अण्णा घरी येत नसत. रुपयाचा फरक असला तर वैतागत नसत, पण पाच पैशांचा असला की बेचैन होत. म्हणायचे, मोठी चूक समोर येऊन उभी राहते, बारकी चूक मात्र दोन मोठ्या चुकांच्या मधे लपलेली असते. एकीकडे शंभर जास्त, दुसरीकडे नव्व्याण्णव रुपये पंचाण्णव पैसे कमी, असं.

त्यांचा आवडता किस्सा १ एप्रिल १९५७ चा. त्या दिवशी आणे गेले आणि नवे पैसे आले. अण्णा तेव्हा एकोणीस वर्षांचे, आजोबांच्या हाताखाली नुकते लागलेले. सोळा आण्यांचा रुपया आता शंभर पैशांचा. म्हणजे एका आण्याचे सव्वासहा पैसे, आणि पाव पैसा तर कुणी पाडलेला नाही. म्हणून एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, पण तीन आण्यांचे एकोणीस. एकेक आण्याच्या तीन बाक्या वेगवेगळ्या बदलल्या तर अठरा होतात आणि तीन आण्यांची एकच बाकी बदलली तर एकोणीस. तो एक पैसा जातो कुठे? आजोबांनी म्हणे वहीच्या शेवटी त्या फरकासाठी वेगळं खातंच घातलं होतं.

कामाला लागून सहा महिने झाले असतील. व्याजाच्या दोन अहवालांत काही सेंटांचा फरक यायचा आणि कुणाला सापडत नव्हता. मला एकदम तो पैसा आठवला. कोबोलमध्ये गणिताच्या वाक्यात ‘राउंडेड’ हा शब्द लिहिला नाही तर यंत्र उरलेली शेपटी मुकाट्यानं कापून टाकतं. एक अहवाल ओळीओळीला कापत होता, दुसरा बेरीज करून एकदाच. माझं कौतुक झालं. मी ते सगळं स्वतःच्या हुशारीवर खपवलं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

कौतुक फार टिकलं नाही. कोबोलच्या जुन्या वाक्यरचनेत ‘जर’ची हद्द पूर्णविरामानं संपते. ‘थकबाकी असेल तर शुल्क लाव पत्र पाठव.’ याचा अर्थ, थकबाकी असलेल्यालाच शुल्क आणि त्यालाच पत्र. मी मधे एक दुरुस्ती केली आणि शाळेतल्या सवयीनं ओळीच्या शेवटी टिंब दिलं. झालं असं: ‘थकबाकी असेल तर शुल्क लाव. पत्र पाठव.’ पत्र सगळ्यांना. ज्यांनी जन्मात हप्ता चुकवला नाही त्यांनाही ‘आपली थकबाकी’ म्हणून. छपाईला गेलेला गठ्ठा तिकडच्या कुणीतरी वेळेवर अडवला, नाहीतर माझी कारकीर्द त्या टिंबापाशीच संपली असती. प्राथमिक शाळेत विरामचिन्हांना दोन गुण असायचे आणि आम्ही ते सोडून द्यायचो.

मग रात्रपाळीची वर्षं आली. दिवसभराचे व्यवहार रात्री एका मागोमाग एक लावून घ्यायचे, त्याला बॅच म्हणतात. अण्णांचा रोजमेळच तो, फक्त लाखो नोंदींचा आणि माणूस नसलेला. अमेरिकेतली रात्र म्हणजे आपली सकाळ, पण काम अडकायचं ते नेमकं आपण झोपल्यावरच. फोन वाजायचा आणि पलीकडून एकच शब्द यायचा, "सॉक सेव्हन". जिथे आकडा हवा तिथे आकडा नाही, म्हणून यंत्रानं हात वर केले, असा त्याचा अर्थ. लिहायचं एस-शून्य-सी-सात, पण मेनफ्रेमवाले, म्हणजे बँकांच्या त्या अजस्र संगणकांवर काम करणारे, सगळे सॉक सेव्हनच म्हणतात. उठायचं, लॅपटॉप उघडायचा आणि यंत्रानं मरताना ओकलेली पानंच्या पानं चाळत चाळीस-चाळीस-चाळीस शोधायचं. चाळीस ही मेनफ्रेमच्या लिपीत रिकाम्या जागेची खूण. कुणीतरी कुठेतरी रकमेच्या रकान्यात शून्य टाकायचं सोडून तो कोरा ठेवलेला असायचा. माणसाला कोरं आणि शून्य सारखंच वाटतं. अण्णा मात्र कोऱ्या रकान्यात आडवी रेघ मारल्याशिवाय पान उलटत नसत.

भाच्याला हे सांगताना तो जांभया दाबत होता. मग मी इंग्रजीचं सांगितलं तेव्हा सावरून बसला, कारण त्याचं तेच दुखणं आहे.

आम्ही मराठी माध्यमातले. ओहायोतल्या ग्राहकाचा आवाज स्पीकरवर आला की अर्धं डोक्यावरून जायचं. तरी आमच्याकडून उत्तर एकच, "येस, येस, शुअर." कॉल संपला की सहा जण एकमेकांना विचारणार, तो काय म्हणाला? आणि सहा जणांची सहा उत्तरं. एका कॉलवर नागपूरच्या त्या बाईनं शांतपणे म्हटलं, मला समजलं नाही, पुन्हा सांगा. पुन्हा सांगितलं. ती पुन्हा म्हणाली, अजून समजलं नाही. तिसऱ्यांदाही तिनं तेच म्हटलं तेव्हा आम्ही लाजेनं टेबलाखाली जायचे बाकी होतो. पलीकडे थोडा वेळ शांतता, मग तो गृहस्थ हसला. म्हणाला, खरं सांगायचं तर हा नियम मलाही कळलेला नाही, मी आमच्या हिशेब खात्याला विचारून येतो. त्या दिवशी आमचा तीन आठवड्यांचा चुकीचा खटाटोप वाचला. व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गात टाय बांधायला आणि हात मिळवायला शिकवलं होतं. ‘कळलं नाही’ म्हणायचं कुणी शिकवलं नव्हतं.

मधल्या वर्षांचं फार सांगण्यासारखं नाही. २००१ ची मंदी बघितली, २००८ ची बघितली, बेंचवर, म्हणजे हाताला काम नसताना नुसतं, बसून कँटीनचा चहा मोजला. ऑफिस शहरातून हिंजवडीला गेलं आणि आयुष्यातले रोजचे अडीच तास वाकडच्या पुलाला वाहिले. चैत्रात म्हातोबाचं बगाड हिंजवडीहून वाकडला निघतं. त्या दिवशी सगळं आयटी पार्क घड्याळ बघत उभं असतं आणि बगाड आपल्या चालीनं जातं. मला तो दिवस आवडायचा.

आणखी एक. आपल्याकडे पस्तिशीनंतरही जो प्रोग्रॅमला हात लावतो त्याच्याकडे लोक जरा कणवेनं बघतात. "अजून कोडिंगच का? मॅनेजर नाही झालीस?" घरचे, शेजारचे, लग्नात भेटलेले. मी एकदा झाले होते. दीड वर्ष एक्सेलच्या रकान्यांत माणसं भरली आणि परत येऊन कोबोल उघडलं. पगारात त्याची किंमत मोजली आहे, त्यामुळे हा काही थोर त्याग म्हणून सांगत नाही.

कोबोल मेलं, हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता तेराव्याचं जेवणसुद्धा मागत नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये करोनानं अमेरिकेत बेकारी भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला आणि न्यू जर्सीची चाळीसेक वर्षं जुनी यंत्रणा गुडघ्यावर आली. तिथले गव्हर्नर फिल मर्फी पत्रकार परिषदेत म्हणाले, कोबोल येणारी माणसं पाहिजेत, मदतीला या. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी हसण्याच्या चिन्हांचा पूर आला. पण ती भाषा पंधरा दिवसांत शिकता येते. अडत होतं ते दुसरीकडे. चाळीस वर्षांत वीस हातांनी लिहिलेलं ते सगळं वाचून कुठे बोट ठेवायचं, हे कळणारी माणसं नव्हती.

तीन वर्षांनी तसंच काहीसं आपल्याकडे घडलं. २०२३ च्या शेवटी राज्यभर कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं आणि तहसील कचेऱ्यांना अचानक मोडी वाचणारी माणसं हवी झाली. दप्तरखान्यात रुमाल बांधून ठेवलेले कागद होते, पण अक्षर लावणारे कुठे आहेत? मोडीत दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, हात न उचलता ओळ पुढे पळत राहते. नुसती वळणं ओळखून भागत नाही. कागद जमिनीचा आहे की लग्नाचा, कोणत्या परगण्यातला, लिहिणारा कोण, हे माहीत असलं तर अक्षर लागतं. बातमी वाचली आणि पोटात खड्डा पडला. अण्णांना मोडी येत होती. १९९७ च्या सुट्टीत ते मला म्हणाले होते, बस, महिन्याभरात शिकवतो. मी म्हटलं होतं, "अण्णा, आता याचा काय उपयोग?" ते २०१२ मध्ये गेले.

भाच्याचा खरा प्रश्न यादीच्या तळाशी होता, लाल शाईतला. "मावशी, आता एआयच सगळं लिहिणार असेल तर मी शिकू तरी कशाला?" त्याच्या वर्षापुढच्या दोघा-तिघांच्या हातात ऑफर लेटर होतं आणि जॉइनिंगची तारीख महिनोन्‌महिने पुढे सरकत होती. त्यामुळे प्रश्नात नुसती उत्सुकता नव्हती.

मी ती साधनं रोज वापरते. तीन हजार ओळींचा जुना प्रोग्रॅम टाकला की दोन मिनिटांत सारांश देतात. १९९८ मध्ये मला चार दिवस लागले होते आणि तरी अर्धं चुकलं होतं. हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र गेल्या वर्षीची गोष्ट. एका प्रोग्रॅममध्ये एकाच शाखेसाठी महिनाअखेर पंचवीस तारखेला धरलेली. साधनानं लिहिलं, ‘या शाखेसाठी विशेष हाताळणी केली आहे.’ बरोबर आहे, पण का? काढून टाकू की ठेवू? आठ दिवस मेलामेली करून तिकडच्या एका निवृत्त बाईंपर्यंत पोचले. त्या म्हणाल्या, ती शाखा पूर्वी दुसऱ्याच बँकेची होती, विकत घेताना त्यांची तारीख तशीच ठेवायचं कबूल केलं होतं. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलंच नसेल तर यंत्र वाचणार काय?

पण माझी धास्ती वेगळी आहे आणि ती मी भाच्याला नीट सांगू शकले नाही. ते ‘का’ विचारायची खोड मला लागली ती त्या चार दिवसांत, टिंबांत, चाळीस-चाळीसमध्ये. नव्या पोरांना आधी बारक्या दुरुस्त्या देत. कंटाळवाणी कामं, पण त्यात हात बसायचा. ती कामं आता साधनाकडे जातात. जिन्याच्या खालच्या चार पायऱ्या काढून घेतल्यात आणि वर उभं राहून आम्ही विचारतो, वर का येत नाही ही पोरं? उत्तर माझ्याकडे नाही. मी फक्त त्याला म्हटलं, यादीतलं काहीही एक घे, पायथन घे, पण दुसऱ्या कुणी लिहिलेला एखादा मोठा प्रोग्रॅम उतरवून घे आणि महिनाभर नुसता वाच. तो हिरमुसला. यासाठी सर्टिफिकेट मिळत नाही.

आई इतका वेळ सुपाऱ्या कातरत ऐकत होती. उठली आणि आतल्या कपाटातून लाल बासन घेऊन आली. आजोबांची रोजमेळाची वही. "वाचायचंय ना, हे वाचा," म्हणाली. हे तिनं मुद्दाम केलं की कपाट आवरायचं निमित्त, देव जाणे.

वही उघडली. मला एक अक्षर लागेना. भाच्यानं फोन काढला, पानाचा फोटो घेतला आणि एआयला विचारलं. उत्तर अस्खलित आलं: हे जमिनीचं खरेदीखत आहे, अमुक गावचं, साक्षीदार तमुक. आम्ही पानाकडे बघितलं. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, खाली बेरीज. खरेदीखताला बेरीज कशाला असेल? भाचाच म्हणाला, "मावशी, हे ठोकतंय." मला बरं वाटलं.

शब्द नाहीत तर नाहीत, आकडे तरी बघू म्हणून बसलो. मोडीतले आकडे बरेचसे आपल्यासारखेच. त्यानं फोनवर जमेची बेरीज केली, मी कागदावर. दोघांचीही सारखी आली आणि दोन्ही आजोबांच्या बेरजेपेक्षा कमी. कमी म्हणजे किती, तेही सांगता येईना, कारण त्यांच्या बेरजेपुढे एक उभी रेघ होती.

"हा पूर्णविराम आहे का?" भाच्यानं विचारलं. "आणि इथे मधे पण एक आहे, सात नंतर. बेरजेच्या मधे पूर्णविराम कशाला दिला असेल?"

आईनं चष्मा लावला. "अरे, तो पूर्णविराम कुठला! पाव आहे तो. एक रेघ पाव, दोन रेघा अर्धा, तीन म्हणजे पाऊण. सात आणि पाव, सव्वासात. सव्वासात रुपये. आमच्या वेळी पावकी, निमकी, सवायकी सगळं पाठ असायचं."

रेघेचे चार आणे धरले. बेरीज जुळली. त्या सव्वासातापुढे मोडीत एक शब्द आहे, बहुधा कुणाचं तरी नाव. भाच्यानं त्याचा मोठा करून फोटो घेतला आहे आणि दर दोन दिवसांनी मला एखादा अंदाज पाठवतो. तो अजून लागलेला नाही.